काळ्या शेळीचा रंग : रक्ताचा वांटा आणि चाऱ्याचा वांटा

आपल्या जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं सरकारी दप्तरीं धाराशिव असें झालें. परंतु येथल्या शेळीचें उस्मानाबादी हें नांव बाजारांत व शास्त्रीय ग्रंथांत अद्याप तसेंच चालत आहे. या शेळीचें गिऱ्हाईक प्रथम रंग पाहतें. एकरंगी, तुकतुकीत काळा बोकड असला म्हणजे जत्रेच्या व ईदेच्या हंगामांत त्याला चार पैसे अधिक येतात. हें पाहून पुष्कळ शेतकरी बंधु केवळ काळ्या रंगावर नजर ठेवून पैदास करूं लागले आहेत. रंगाची हौस बाळगण्यांत दोष नाहीं. परंतु रंग कसा उतरतो हें न जाणतां केलेली पैदास कळपास खुजा करते. आणि रंग कशानें टिकतो हें न पाहणाऱ्याच्या गोठ्यांत काळी शेळी तांबूस होते व पुढें लुळीं करडें देते. काळा रंग देण्याचें काम आईबापांचें आणि तो राखण्याचें काम चाऱ्याचें. या दोन्ही गोष्टींचा विचार येथें एकत्र करावयाचा आहे.

जातीचीं लक्षणें

या जातीचें मूळ स्थान म्हणून जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील लातूर, तुळजापूर व उदगीर हे तालुके सांगितले जातात. १९८२ सालीं लातूर जिल्हा निराळा झाल्यावर हें क्षेत्र दोन जिल्ह्यांत विभागलें. सोलापूर, अहिल्यानगर व परभणी या बाजूंसही ही जात पसरलेली आहे. पूर्ण वाढलेल्या बोकडाचें वजन सरासरी ३४ किलोच्या व शेळीचें ३२ किलोच्या आसपास भरतें. जुळीं होण्याचें प्रमाण चांगलें आहे. बोकडांस बहुधा शिंगें असतात. शेळ्यांत मात्र शिंगांच्या व बिनशिंगी अशा दोन्ही आढळतात.

भारतांतील शेळ्या-मेंढ्यांच्या जातींविषयीं आचार्य यांचा जो ग्रंथ १९८२ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत या जातीचीं शेंकडा ७३ जनावरें काळीं आणि बाकीचीं पांढरीं, तांबडीं किंवा ठिपक्यांचीं अशी नोंद आहे. तेव्हां कळपांत एखादें तांबडें करडूं जन्मलें म्हणून तें जातीबाहेरचें ठरत नाहीं. कानांवरील पांढरे ठिपके तर या जातींत नेहमींच दिसतात. ते भेसळीची खूण नव्हेत.

रंग कोणत्या नियमानें उतरतो?

ग्रेगोर मेंडेल यानें वाटाण्यावरील आपले प्रयोग १८६६ सालीं प्रसिद्ध केले, आणि १९०० सालीं त्यांचें महत्त्व जगाच्या ध्यानांत आलें. त्यांचें सार असें कीं, बहुतेक गुणांसाठीं जनावराच्या अंगांत दोन बीजें असतात. एक बापाकडून आलेलें व एक आईकडून आलेलें. दोन्ही निराळीं असल्यास एक आपला प्रभाव दाखवितें व दुसरें गुप्त राहतें. गुप्त बीज नाहींसें होत नाहीं. तें पुढच्या पिढींत उतरतें, आणि दोन गुप्त बीजें एका करडांत एकत्र आलीं म्हणजे तो गुण पुनः प्रकट होतो.

शेळ्यांच्या रंगाचें जें मुख्य बीजस्थान आहे, तेथें पांढऱ्या-तांबड्या रंगाचें बीज सर्वांत प्रभावी आणि सर्वांगीं काळ्या रंगाचें बीज सर्वांत गुप्त, असा क्रम आढळून आला आहे. अमेरिकेंतील पशुवैद्य फिलिप स्पोनेनबर्ग यांनीं या विषयाचा विशेष अभ्यास केलेला आहे. व्यवहारांत त्याचा अर्थ असा :

पहिली गोष्ट, आईबाप दोन्ही या प्रकारचे काळे असतील तर करडें काळींच होतात. दुसरी, तांबडा बोकड व तांबडी शेळी यांच्या पोटीं काळें करडूं जन्मूं शकतें. कारण दोघांच्याही अंगांत काळें बीज गुप्त असूं शकतें. तिसरी, काळ्या शेळीला तांबडा बोकड लावला आणि त्याच्या अंगांत काळें बीज गुप्त असलें, तर सुमारें निम्मीं करडें काळीं होतील. तें नसलें तर एकही काळें होणार नाहीं. परंतु या दुसऱ्या प्रसंगींही काळें बीज फुकट जात नाहीं. त्या तांबड्या पाठींना पुढें काळा बोकड लावल्यास निम्मीं करडें पुनः काळीं मिळतात. म्हणून चांगल्या दुधाच्या व जुळीं देणाऱ्या शेळीची तांबडी पाठ केवळ रंगासाठीं विकून टाकणें हा आंतबट्ट्याचा व्यवहार होय.

या नियमास एक अपवाद आहे. कांहीं शेळ्यांत काळा रंग दुसऱ्या एका बीजस्थानावरील प्रभावी बीजामुळें येतो. असा बोकड दिसण्यांत इतरांसारखाच काळा असतो, पण त्याच्यापासून काळ्या शेळीलाही तांबडें करडूं होऊं शकतें. डोळ्यांनीं हा भेद कळत नाहीं. तो वहींतच कळतो. मात्र दोन काळ्यांच्या पोटीं तांबडें निघालें तर प्रथम शंका रानांत चरतांना भेटलेल्या परक्या बोकडाची घ्यावी.

पांढरे पट्टे व ठिपके हीं तिसऱ्याच बीजांचीं कामें आहेत. त्यांपैकीं कांहीं गुप्त राहणारीं असल्यामुळें बिनठिपक्यांच्या जोडप्यासही कबरें करडूं होतें. एखाद्या बोकडांत असा एखादा गुप्त गुण दडला आहे किंवा नाहीं हें पाहावयाचें असल्यास, ज्या शेळ्यांत तो गुण उघड दिसतो अशांनाच तो बोकड लावावा. त्यांना पांच करडें झालीं आणि पांचांतही तो गुण दिसला नाहीं, तर बोकडावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं. कारण तो गुण त्याच्यांत असता तर पांचही करडें त्यावांचून निघण्याचा योग ३२ वेळांत एकदांच येतो.

बाहेरून पांढरा किंवा तांबडा बोकड आणतांना हेंच ध्यानांत ठेवावें. प्रभावी पांढरा रंग आपल्याखालीं सर्व कांहीं झांकतो. पहिल्या पिढींत काळा रंग दिसेनासा होतो, आणि तो परत आणण्यास पुढील पिढ्यांची निवड खर्ची पडते.

बोकडाची निवड

रंगापेक्षां मोठें नुकसान आपण दुसऱ्याच मार्गानें करीत आहों. जो बोकड आधीं वाढतो व उठून दिसतो, तोच ईदेपूर्वीं विकला जातो. मागें उरतो तो उशीरा जन्मलेला, लहानखुरा व गिऱ्हाईक न मिळालेला; आणि तोच वर्षभर कळपांत फिरून सर्व शेळ्यांचा बाप होतो. ज्वारीचें उत्तम कणीस बाजारांत पाठवून पोचट दाण्याचें बियाणें राखणारा शेतकरी कोणी पाहिला आहे काय? शेळीच्या बाबतींत मात्र दरवर्षीं हेंच चाललें आहे.

निवडीचा क्रम असा असावा. प्रथम आई पाहावी : ती नेमानें विते काय, जुळीं देते काय, व दोन्ही करडांना पुरेल इतकें दूध तिला आहे काय. मग करडांचें तीन महिन्यांचें वजन पाहावें. जुळ्यांतलें करडूं एकुलत्या करडाहून थोडें हलकें असणारच. म्हणून जुळ्यांची तुलना जुळ्यांशींच करावी. यानंतर पाय, जबडा व अंड यांची तपासणी करावी. रंग सर्वांच्या शेवटीं पाहावा. या क्रमानें निवडलेल्या दोन बोकडांत एक काळा व एक कबरा असेल तर खुशाल काळा ठेवावा.

शिंगांविषयीं एक इशारा देणें अवश्य आहे. बिनशिंगी बोकड देखणा दिसतो व गोठ्यांत कोणास इजा करीत नाहीं, म्हणून तो पसंत केला जातो. परंतु युरोपांतील दुधाळ शेळ्यांत असें सिद्ध झालें आहे कीं, बिनशिंगेपणाचें बीज दोन्ही बाजूंनीं मिळालेली मादी धड मादी होत नाहीं व वांझ राहते. आस्डेल यानें हा संबंध १९४४ सालीं दाखविला आणि २००१ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञांनीं त्याचें मूळ रंगसूत्राच्या एका गळलेल्या तुकड्यांत शोधून काढलें. आपल्या शेळ्यांत बिनशिंगी पुष्कळ असल्यामुळें बोकड शिंगांचाच ठेवावा, म्हणजे हा धोका उरत नाहीं.

एका बोकडास पंचवीस ते तीस शेळ्या पुरेत. दोन वर्षांनीं तो बदलावा. कारण तोंपर्यंत त्याच्या लेकी माजावर येऊं लागतात. बापलेकींच्या संबंधांतून गुप्त दोष वर येतात, करडें मरतुकडीं होतात आणि वाढ खुंटते. काळ्या रंगाच्या लोभानें एकच बोकड पांचसहा वर्षें ठेवणाऱ्याच्या कळपांत हेंच घडतें. नवा बोकड दुसऱ्या गांवच्या नोंदी ठेवणाऱ्या शेतकऱ्याकडून आणावा. तुळजापूर तालुक्यांतील तीर्थ येथें मेंढी व शेळी विकास महामंडळाचें प्रक्षेत्र आहे. तेथेंही चौकशी करावी.

काळा रंग तांबूस होऊं लागल्यास

आतां चाऱ्याच्या वांट्याकडे वळूं. केंसांतील काळें द्रव्य तयार होण्यास शरीरांत एक विशिष्ट पदार्थ लागतो, आणि त्या पदार्थाचा तांबें हा आवश्यक भाग आहे. चाऱ्यांतून तांबें कमी मिळालें म्हणजे काळें द्रव्य पुरतें बनत नाहीं. भाषेच्या दृष्टीनें हा मोठा चमत्कार आहे : तांबें कमी पडलें म्हणजे केंस तांबडे होतात! प्रथम डोळ्यांभोंवतीं, मग मानेवर व फऱ्यांवर तांबूस झांक येते. केंस राठ होतात व तकाकी जाते.

ही केवळ शोभेची हानि नव्हे. गाभण शेळीस तांबें कमी पडलें तर पोटांतील करडाच्या मज्जातंतूंची वाढ बिघडते. असें करडूं जन्मतःच किंवा कांहीं आठवड्यांनीं मागच्या पायांनीं झोंकांड्या खाऊं लागतें व शेवटीं लुळें होतें. एकदां लुळें झालेलें करडूं बहुधा सुधारत नाहीं. शेळी सुमारें १५० दिवस गाभण राहते. त्या अवधींत तिच्या अंगावर आलेली तांबूस झांक ही येणाऱ्या संकटाची आगाऊ वर्दी होय.

चाऱ्यांत तांबें असूनही तें अंगीं लागत नाहीं असेंही घडतें. मॉलिब्डेनम, गंधक व लोह यांचें प्रमाण वाढल्यास तांब्याचें शोषण अडतें. चुनखडीच्या जमिनींतील चाऱ्यांत मॉलिब्डेनम अधिक उतरतें, आणि आपल्या काळ्या जमिनींत चुनखडी पुष्कळ ठिकाणीं आहे.

परंतु प्रत्येक तांबूस शेळी तांब्याची भुकेली समजूं नये. कडक उन्हानेंही केंसांचीं टोकें विटतात. तें केंस गळून नवे आल्यावर आपोआप सुधारतें. जंतांनीं पोखरलेली शेळीही निस्तेज होते. तिच्या डोळ्याची आंतली पापणी उलटून पाहिली तर पांढरीफटक दिसते. उन्हाचें कारण नसेल व पापणी लाल असेल, आणि कळपांतील अनेक शेळ्या एकदम तांबूस होत असतील, तर पशुवैद्यास दाखवावें. मोरचूद पाण्यांत कालवून पाजण्याचा घरगुती उपाय मात्र करूं नये. अधिक झालेलें तांबें काळजांत सांठतें व एके दिवशीं एकदम विषासारखें उलटतें. मेंढ्यांना तर शेळ्यांहून फारच थोडें तांबें बाधतें. म्हणून ज्यांच्या वाड्यांत शेळ्या-मेंढ्या एकत्र आहेत, त्यांनीं शेळ्यांचें क्षारमिश्रण मेंढ्यांच्या तोंडीं लागूं देऊं नये.

घातक चारा कसा ओळखावा?

ज्वारी. कडबा हा आपल्या जिल्ह्याच्या पशुधनाचा आधार. पण त्याच ज्वारीचें कोंवळें रोप व कापणीनंतरचे फुटवे विषारी असतात. त्यांतून पोटांत हायड्रोसायनिक आम्ल तयार होतें. पीक गुडघ्याइतकें होईतों, तसेंच पावसाच्या उघडिपीनें खुरटलें असतां हें विष अधिक असतें. फुलोऱ्यानंतर तें पुष्कळ कमी होतें. विष लागलेली शेळी कांहीं मिनिटांतच धापा टाकूं लागते, हिरड्या व डोळे लालभडक होतात, आणि ती कोसळते. फुलोऱ्यापूर्वीं ज्वारी चारूं नये. उपाशी कळप ज्वारीच्या बांधावरून कधींही नेऊं नये. निघण्यापूर्वीं थोडा वाळला कडबा घालावा. चांगल्या वाळलेल्या कडब्यांत हा धोका राहत नाहीं.

मका, बाजरी व हत्तीगवत. भरपूर युरिया दिलेल्या पिकास पाण्याचा ताण पडल्यावर पाऊस आला, तर त्यांत नायट्रेट सांठतें. हें विष वाळविल्यानें जात नाहीं. यांत रक्त व हिरड्या लालभडक न होतां तपकिरी होतात. दोन्ही विषांत शेळी धापाच टाकते, पण औषधें निराळीं. पहिल्या विषावर दिलें जाणारें सोडियम नायट्राइट दुसऱ्यांत प्राणघातक ठरतें. म्हणून वैद्यास बोलावतांना कळपानें काय खाल्लें व हिरड्यांचा रंग कोणता, हें दोन्ही सांगावें.

सुबाभूळ. हा पौष्टिक झाडपाला आहे; पण त्यांतील मिमोसीन नांवाच्या द्रव्यानें केंस झडतात व गळ्याची गांठ वाढते. ऑस्ट्रेलियांतील रेमंड जोन्स यांना असें दिसलें कीं, हवाई बेटांतील शेळ्या सुबाभूळ खाऊनही सुखरूप राहतात. त्यांच्या कोठ्यांतील जंतु हें विष पचवितात असें ठरलें, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभीं ते जंतु ऑस्ट्रेलियांत नेऊन तेथील जनावरांच्या कोठ्यांत रुजविण्यांत आले. पुढें त्या जंतूस जोन्स यांचेंच नांव मिळालें. आपण मात्र सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घालूं नये, व आरंभ थोडक्यापासून करावा.

घाणेरी. टंचाईच्या दिवसांत शेळी हिचा पाला खाते. त्यानें काळीज बिघडतें आणि कातडीस ऊन सोसेनासें होतें. येथें रंगाचा संबंध पुनः येतो : काळ्या कातडीस थोडें संरक्षण असतें, पण कबऱ्या शेळीच्या पांढऱ्या भागावरील कातडी भाजल्यासारखी होऊन सोलून निघते. अशी शेळी तत्काळ सांवलींत बांधावी. बेशरम, कण्हेर, धोतरा व एरंड हींही वाड्याच्या आसपास नसावींत.

फवारलेलीं पिकें. कपाशी, तूर व भाजीपाल्यावर औषध मारल्यावर किंवा बांधावर तणनाशक टाकल्यावर शेजाऱ्यास सांगण्याची रीत प्रत्येक गांवीं पडली पाहिजे. बाटलीवर जितके दिवस लिहिले असतील तितके दिवस तेथील गवत तोडूं नये. खळ्यावरील सोयाबीन, ज्वारी किंवा तुरीच्या राशीवरही शेळ्या सोडूं नयेत; एकदम खाल्लेलें धान्य पोटांत आंबून एका रात्रींत जनावर जातें.

चाऱ्याची सांठवण

१९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेले वडीलधारे अद्याप आपल्यांत आहेत, आणि २०१५ सालीं धाराशिव, बीड व लातूर या तीन जिल्ह्यांत चारा-छावण्या उघडाव्या लागल्या हें तर सर्वांच्या समोरचें आहे. ज्याची गंज शाबूत त्याचा कळप शाबूत. गंज उंच जागीं, खालीं दगड व लांकडें घालून रचावी. माथा उतरता करून शाकारावा. भिजलेल्या कडब्यास बुरशी चढते, आणि गाभण शेळ्यांना तो घातल्यास गर्भ टाकण्याचा संभव असतो. भुईमुगाच्या पेंडींतील बुरशीचें विष काळीज नासवितें; काळी-हिरवी पडलेली किंवा कुबट वास येणारी पेंड फेंकून द्यावी, ऊन देऊन वापरूं नये. गंजी दोन ठिकाणीं व चुलीपासून दूर असाव्या, म्हणजे आगीनें सर्वस्व जाणार नाहीं.

चारा भुईवर टाकूं नये. शेळी तुडविलेला चारा खात नाहीं आणि खाल्लाच तर लेंड्यांबरोबर जंत पोटांत घेते. छातीइतक्या उंचीची गव्हाण करून तींत तोडलेला पाला व कुट्टी घालावी. बांधांवर शेवरी, हादगा, बोर व बाभूळ राखल्यास उन्हाळ्यांत हिरवें मिळतें, आणि काळ्या शेळीस जरूर असलेली सांवलीही मिळते. सिनाईच्या वाळवंटांत बदाऊनी लोक काळ्याच शेळ्या पाळतात. त्यांवर झालेल्या अभ्यासांत काळी शेळी उन्हाची उष्णता अधिक शोषते व उन्हाळ्यांत तिला पाणी अधिक लागतें, पण हिंवाळ्यांत त्याच उन्हानें तिची अन्नाची बचत होते, असें दिसून आलें. तेव्हां चैत्र-वैशाखांत दुपारीं सांवली व मुबलक पाणी, आणि पौष-माघांत सकाळचें कोंवळें ऊन, ही व्यवस्था ठेवावी.

सारांश

प्रत्येकानें एक वही घालावी. तींत करडाची जन्मतारीख, आई, बाप, रंग, एकुलतें कीं जुळें, व तीन महिन्यांचें वजन हीं सहा कलमें असावींत. दोन वर्षांत ही वही रंगाविषयीं जें सांगेल तें कोणताही दलाल सांगूं शकणार नाहीं. उत्तम शेळीच्या पोटचे दोन बोकड ईदेच्या बाजारांतून वगळून ठेवावे. एकट्यास तें परवडत नसेल तर चारपांच घरांनीं मिळून एक बोकड राखावा, व दोन वर्षांनीं शेजारच्या गांवाशीं अदलाबदल करावी. कळपांत कोणाचा काळा रंग उतरतो आहे काय हें दर महिन्यास उजेडांत पाहावें, आणि उतरत असल्यास वैद्यास दाखवून आधीं गव्हाण तपासावी, मग बोकडास दोष द्यावा.